आधी घर, मग पोटमाळा : रिस्टोर पॉइंट आणि बॅकअपमध्ये दडलेला व्हायरस कसा काढायचा

मे महिन्यात लालबागच्या मसाल्याच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिली पाच मिनिटं बोलणंच होत नाही, नुसत्या शिंका. डंकाची धडधड, मिरचीचा खकाणा आणि गल्ल्यामागे काकूंचा कॉम्प्युटर. कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर आणि त्यावर तिखटाचा लालसर थर.

"अरे, हा रोज संध्याकाळी सातला ओरडतो," काकू म्हणाल्या. "शेजारच्या पोराने दोनदा फॉरमॅट मारून दिला. तरी परत तेच."

"काकू, मेसेजमध्ये काय लिहिलंय ते वाचलं का कोणी?"

"वाचायचं काय त्यात? लाल दिसलं की मी फुली मारते."

सातला ओरडायचं कारण साधं होतं. अँटिव्हायरसचं रोजचं स्कॅन त्या वेळेला लावलेलं होतं. मेसेज उघडून फाइलचा पत्ता वाचला तर सुरुवातच 'डिव्हाइस, हार्डडिस्क-व्हॉल्यूम-शॅडो-कॉपी ४' अशी. व्हायरस चालू विंडोजमध्ये नव्हताच, तो विंडोजने स्वतःच काढून ठेवलेल्या जुन्या प्रतीत, म्हणजे बिघाड झाला तर मागे जाण्यासाठीच्या रिस्टोर पॉइंटमध्ये होता. अँटिव्हायरसला तो दिसत होता, पण पुसता येत नव्हता, म्हणून रोज तीच बोंब.

असे मेसेज आले की लोक दोनपैकी एक चूक करतात. काही जण घाबरून सगळे रिस्टोर पॉइंट उडवतात आणि मग साफसफाईला लागतात. उरलेले 'तो जुन्या प्रतीत आहे ना, पडू दे तिथे' म्हणून सोडून देतात. मी वीस वर्षं हेच काम करतोय आणि क्रम कायम एकच ठेवतो. आधी चालू मशीन साफ, मग बाजूचे ड्राइव्ह, मग रिस्टोर पॉइंट आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या डिस्कवरचे बॅकअप. घर झाडून झाल्याशिवाय पोटमाळ्याला हात लावायचा नाही. का, ते पुढे येईलच.

एक सूचना. मेनूंची नावं आणि कमांड मी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

पुसता का येत नाही?

सिस्टिम रिस्टोर आलं २००० सालच्या विंडोज मिलेनियममध्ये आणि घरोघरी पोचलं एक्सपीबरोबर. एक्सपीत ते फाइलींच्या सुट्या प्रती काढून 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचं, नाव बदलून. व्हायरसची फाइल असली तर तिचीही इमानेइतबारे प्रत निघायची. त्या फोल्डरला विंडोजच्या 'सिस्टिम' खात्याशिवाय कोणी हात लावू शकत नसल्यामुळे अँटिव्हायरसवाले सांगायचे, "रिस्टोर बंद करा, रीस्टार्ट करा, मग स्कॅन करा." तो सल्ला व्हॉट्सॲपवर अजून फिरतोय.

विंडोज व्हिस्टापासून पद्धत बदलली. आता सुटी फाइल साठवली जात नाही, अख्ख्या ड्राइव्हचं एका क्षणाचं चित्र धरून ठेवलं जातं. त्यालाच शॅडो कॉपी म्हणतात. डिस्कचा एखादा तुकडा बदलणार असेल तर बदलण्याआधीचा मजकूर बाजूला उचलून ठेवायचा, असं हे काम चालतं आणि तुकडा असतो १६ केबीचा. म्हणजे तुम्ही ज्याला व्हायरसची फाइल समजता ती तिथे फाइल म्हणून नसतेच, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. वर ते चित्र फक्त वाचण्यापुरतं खुलं असतं. त्यातून एकच फाइल वेचून काढणं अँटिव्हायरसला जमत नाही, मला जमत नाही आणि यूट्यूबवर त्या फोल्डरची मालकी आपल्याकडे घ्यायला शिकवणाऱ्यालाही जमत नाही. तो उद्योग करू नका. परवानग्या बिघडल्या की पुढे रिस्टोर पॉइंट बनायचेच बंद होतात. काढायचं तर अख्खं चित्रच काढावं लागतं.

दिलासा एवढाच की तिथे पडलेला व्हायरस निपचित असतो. तो आपणहून चालू होत नाही. धोका तुम्ही त्या तारखेला रिस्टोर केलं तरच. मग माळ्यावरची ट्रंक खाली आलीच म्हणायची, ढेकणांसकट.

थांबा, खंडणीवाला व्हायरस तर नाही?

पुढे जाण्याआधी एक खात्री करा. फाइली उघडत नाहीत, त्यांच्या नावांना विचित्र शेपटं चिकटलीत, फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी पडलीय, असं काही दिसत असेल तर हा रॅन्समवेअर आहे आणि या लेखातलं रिस्टोर पॉइंट पुसायचं कलम तुमच्यासाठी नाही. तुमच्याकडे शॅडो कॉपी शिल्लक असेल तर तिच्यातून जुन्या फाइली परत मिळण्याची थोडी तरी आशा असते. ती पुसणं हे चोराचंच काम. मे २०१७ मधला वॉनाक्राय मशीनमध्ये शिरला की शॅडो कॉपी उडवायची कमांड स्वतःच चालवायचा, ते उगाच नाही. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावा शेवाला जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनर जिथल्या तिथे अडकले.

अशा वेळी नेट तोडा, बाहेरच्या डिस्क काढा, मशीन आहे तसं ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरून 'नो मोअर रॅन्सम'च्या साइटवर तुमच्या प्रकारची किल्ली मोफत मिळते का ते बघा. युरोपोल, डच पोलीस आणि अँटिव्हायरस कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये ती सुरू केली. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. तिथे जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते.

तसं काही नसेल, नुसता लाल मेसेज असेल, तर पुढे चला.

पहिली पायरी : पत्ता वाचा, फोटो काढा

मेसेजवर फुली मारायची नाही. विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'प्रोटेक्शन हिस्टरी' आहे, तिथे त्या नोंदीवर टिचकी मारा आणि फाइलच्या पूर्ण पत्त्याचा मोबाइलवर फोटो काढा. व्हायरसचं नाव आणि तारीख दोन्ही फोटोत आली पाहिजेत.

पत्त्याचं डोकं सांगतं की फाइल आत्ता कुठे आहे. 'शॅडो-कॉपी' आणि पुढे आकडा म्हणजे रिस्टोर पॉइंट. 'विंडोज-इमेज-बॅकअप' म्हणजे तुम्ही घेतलेली अख्ख्या ड्राइव्हची प्रत. 'विंडोज डॉट ओल्ड' म्हणजे विंडोजची जुनी आवृत्ती. पत्त्याचं शेपूट त्याहून कामाचं. शॅडो कॉपीच्या आकड्यापुढचा मार्ग म्हणजे ती फाइल मूळ मशीनमध्ये जिथे बसली होती ती जागा. डाउनलोड्स असेल तर काहीतरी उतरवलं होतं. टेंप, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, असेल तर एखाद्या इन्स्टॉलरने मागच्या दाराने आत सोडलं. काकूंच्या मशीनवर शेपटात एका 'ॲक्टिव्हेटर'चं नाव होतं. विंडोज आणि ऑफिस फुकटात चालू करून देणारं ते अवजार कोणी चालवलं, हे मला तिथेच कळलं. काकूंना मी लगेच काही बोललो नाही.

दुसरी पायरी : कामाची कागदपत्रं आधी बाहेर

साफसफाईत काही बिघडलं तर धंद्याच्या फाइली हाताशी हव्यात. टॅलीचा बॅकअप टॅलीच्याच डेटा मेनूतून घ्या. बिलं, एक्सेल, फोटो, पीडीएफ असं सगळं एका कोऱ्या बाहेरच्या डिस्कवर काढा. घ्यायची ती फक्त तुमची कागदपत्रं. सेटअपच्या फाइली, 'ईएक्सई' शेपटाचं काहीही, स्क्रीनसेव्हर, 'व्हीबीएस' हे नको. फाइलच्या नावाचं हे शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असली सोंगं मग लगेच उघडी पडतात.

डिस्कवर 'तपासायचं आहे' असं लिहून चिकटपट्टी लावा. हा बॅकअप अजून संशयितच आहे.

आणखी एक. नवे लॅपटॉप बरेचदा विंडोजच्या बिटलॉकरने आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेले असतात आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. सेफ मोडमध्ये जाताना किंवा पेन ड्राइव्हवरून बूट करताना मशीन अचानक ४८ आकडी बिटलॉकर किल्ली मागतं आणि माणूस घामाघूम होतो. ही किल्ली बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आत्ताच दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून ती कागदावर उतरवून घ्या.

तिसरी पायरी : चालू मशीन साफ करा, रिस्टोर पॉइंट आहेत तसेच राहू द्या

आता ते 'का'. व्हायरस काढताना कधीकधी विंडोजचाच एखादा महत्त्वाचा भाग मोडतो. नेट चालेनासं होतं, मशीन बूट होताना मधेच अडकतं. अशा वेळी डागाळलेला का होईना, पण एक रिस्टोर पॉइंट असला तर मशीन पुन्हा उभं करून नव्याने सुरुवात करता येते. आधीच सगळे उडवले असतील तर समोर फॉरमॅटशिवाय वाट उरत नाही. एक्सपीच्या काळात 'आधी रिस्टोर बंद करा' या सल्ल्यापायी मी स्वतः एका वकिलांचं मशीन दोन दिवस आडवं पाडलं होतं. तेव्हापासून मी क्रम बदलला.

अँटिव्हायरस अपडेट करा आणि लगेच नेट काढा. मग फुल स्कॅन. क्विक स्कॅनवर भागवू नका. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर याला तीन-चार तास सहज लागतात, तेव्हा दुकान बंद करताना लावून घरी जा.

त्यानंतर ऑफलाइन स्कॅन. स्कॅन ऑप्शन्समध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन' निवडलं की मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासणी होते. साधारण पंधरा मिनिटांचं काम. विंडोज चालू असताना स्वतःला लपवणारे प्रकार इथे सापडतात. मशीन नुसतंच रीस्टार्ट होऊन नेहमीच्या स्क्रीनवर परत आलं, स्कॅन दिसलंच नाही, तर बहुधा विंडोजचा रिकव्हरी भाग बंद आहे. गल्लीतल्या तयार घोस्टवरून, म्हणजे तंत्रज्ञाने आधीच बनवून ठेवलेल्या प्रतीवरून, विंडोज टाकलेल्या मशीनवर हे मी कितीदा पाहिलंय. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'रीएजंटसी' लिहा, जागा सोडा, तिरकी रेघ आणि 'इन्फो'. उत्तरात 'डिसेबल्ड' आलं तर तीच कमांड 'इन्फो'च्या जागी 'इनेबल' लिहून चालवा. कधीकधी रिकव्हरीचा भाग मुळातच उडवलेला असतो, मग ती चालत नाही. अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर एखाद्या अँटिव्हायरस कंपनीची रेस्क्यू डिस्क पेन ड्राइव्हवर बनवून तिच्यावरून बूट करा.

एकाच अँटिव्हायरसवर भिस्त ठेवू नका, पण दोन अँटिव्हायरस एकदम बसवूही नका. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन गोगलगाय होतं. दुसरं मत घ्यायला मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनर चांगलं. ते बसवावं लागत नाही. उतरवल्यापासून दहा दिवसांत त्याची मुदत संपते, म्हणून मागच्या वर्षी पेन ड्राइव्हवर ठेवलेलं वापरू नका, ताजं घ्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं 'सायबर स्वच्छता केंद्र' फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे, तिथेही मोफत सफाईची साधनं मिळतात.

स्कॅन 'सगळं ठीक' म्हणालं तरी तीन ठिकाणी स्वतः डोकवा. टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब, टास्क शेड्युलर आणि ब्राउझरची एक्स्टेन्शन्स. टास्क शेड्युलर लोक हमखास विसरतात. काकूंच्या मशीनवर तिथे 'अपडेट' असं भोळंभाबडं नाव घेतलेलं एक काम बसलं होतं, दर तासाला एक स्क्रिप्ट चालवणारं. ती स्क्रिप्ट अँटिव्हायरसने कधीच उडवली होती, पण बोलावणं चालूच होतं. ते काम पुसलं.

चौथी पायरी : डी ड्राइव्ह

खरी गोष्ट इथे आहे. 'फॉरमॅट मारला तरी परत आला' हे वाक्य लॅमिंग्टन रोडच्या कुठल्याही दुकानात दिवसातून चारदा ऐकू येतं. फॉरमॅट मारला म्हणजे काय केलं? सी ड्राइव्ह पुसला. सीचे रिस्टोर पॉइंट सीवरच असतात, त्यामुळे तेही गेले. डी मात्र तसाच, कारण 'डीमध्ये सगळा डेटा आहे'. आणि त्या डेटात एक फोल्डर हमखास असतं, 'सॉफ्टवेअर्स' नावाचं. ड्रायव्हर, प्रिंटरचा सेटअप, मराठी फॉन्ट, जुनं ऑफिस आणि त्याला चालू करणारं ते अवजार. नवं विंडोज टाकून झालं की पोरगा त्याच फोल्डरमधून एकेक सेटअप चालवतो. 'अँटिव्हायरस मधे येतोय' म्हणून तो पाच मिनिटं बंदही करतो. विंडोज मग आपल्या सवयीने रिस्टोर पॉइंट बनवतं आणि त्या पाच मिनिटांत आत आलेला पाहुणा चित्रात कायमचा बसतो. काकूंकडे दोन्ही वेळा असंच झालं होतं.

त्यात सॅलिटीसारख्या जातीचा व्हायरस असेल तर विचारूच नका. तो वेगळी फाइल टाकत नाही, असलेल्या 'ईएक्सई' फाइलींतच स्वतःला शिवून घेतो, म्हणजे तुमचा चांगला प्रिंटर सेटअपही नासतो.

माझा उपाय निर्दय आहे. 'सॉफ्टवेअर्स' फोल्डर अख्खं पुसा. प्रिंटरचा ड्रायव्हर त्या कंपनीच्या साइटवर मोफत मिळतो, मराठी फॉन्ट आणि कीबोर्ड विंडोजमध्येच आहे, बाकीचंही मूळ जागेवरून पुन्हा उतरवता येतं. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटर तर जायलाच हवेत. पैसे वाचतात हे खरं, पण त्याच मशीनवरून तुम्ही जीएसटी भरता आणि नेट बँकिंग करता.

पेन ड्राइव्हही याच पायरीत. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले तुम्हीही पाहिले असतील. खरे फोल्डर लपवलेले असतात आणि दिसतात ते बाण असलेले बहुरूपी. त्यांच्यावर दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडतोच, शिवाय मागे स्क्रिप्टही चालते. उघडू नका. 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा. तरीही खरे फोल्डर दिसले नाहीत तर 'ऑप्शन्स'मध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. खरे फोल्डर साफ केलेल्या मशीनवर उतरवून घ्या आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. घरातले सगळे पेन ड्राइव्ह एकाच दिवशी तपासा. एक जरी राहिला तरी पहिल्या पायरीपासून सगळं पुन्हा.

डी आणि पेन ड्राइव्ह झाले की आणखी एक फुल स्कॅन. हे स्वच्छ निघायला हवं. शॅडो कॉपीतला मेसेज अजून येत असेल, तो येऊ द्या.

पाचवी पायरी : आता पोटमाळा

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' सलग टाइप करून एंटर मारा. वरच्या टॅबपैकी 'सिस्टिम प्रोटेक्शन' उघडा. ड्राइव्हची यादी दिसेल आणि प्रत्येकापुढे 'ऑन' किंवा 'ऑफ'. सगळीकडे 'ऑफ' दिसलं तर दचकू नका, बऱ्याच मशीनवर ते मुळातच बंद असतं.

सी निवडा, 'कॉन्फिगर' दाबा, खाली 'डिलीट'. या ड्राइव्हवरचे सगळे रिस्टोर पॉइंट जातील, परत मिळणार नाहीत, असा इशारा येईल. 'कंटिन्यू'. डी किंवा आणखी कुठला ड्राइव्ह 'ऑन' असेल तर त्यालाही हेच. प्रोटेक्शन बंद करून पुन्हा चालू करायची गरज नाही.

डिस्क क्लीनअपमध्येही रिस्टोर पॉइंट साफ करायचं बटण आहे, पण ते सगळ्यात ताजा पॉइंट मागे ठेवतं. आपल्या कामी नेमका तोच नडतो, कारण व्हायरस बहुधा ताज्याच पॉइंटमध्ये असतो. जागा मोकळी करायला ते ठीक, या कामाला नाही.

झालं की खातरजमा करा. ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हीएसएस ॲडमिन' सलग लिहून, जागा सोडून 'लिस्ट', पुन्हा जागा सोडून 'शॅडोज'. काहीच सापडलं नाही असं उत्तर आलं की माळा रिकामा. एखादी शॅडो कॉपी शिल्लक दिसली तर ती दुसऱ्या एखाद्या बॅकअप सॉफ्टवेअरने बनवलेली असू शकते. तिची तारीख बघा. संसर्गाच्या आधीची असेल तर राहू द्या, नंतरची असेल तर त्या सॉफ्टवेअरमधूनच काढा.

आणि त्याच बैठकीत नवा पॉइंट बनवा. त्याच टॅबवर 'क्रिएट', नाव द्या. मी तारीख आणि 'साफ' एवढंच लिहितो. 'कॉन्फिगर'मधल्या पट्टीवर ५ ते १० टक्के जागा दिली की पुरे. रिस्टोर पॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथेच सांगतो. तो विंडोज, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) आणि प्रोग्रॅम मागे नेतो, तुमच्या पुसलेल्या बिलाची फाइल आणून देत नाही.

सहावी पायरी : बाहेरच्या डिस्कवरचे बॅकअप

हे बॅकअप तीन तऱ्हेचे असतात. साध्या कॉपी केलेल्या फाइली आणि विंडोजची 'फाइल हिस्टरी' हे सोपं प्रकरण. डिस्क लावा, उजवी टिचकी, स्कॅन. फाइली सुट्या असल्यामुळे अँटिव्हायरस एकेक उचलून पुसू शकतो. दुसऱ्या पायरीतली 'तपासायचं आहे' डिस्कही आत्ताच तपासून घ्या.

अख्ख्या ड्राइव्हची इमेज अवघड. 'विंडोज-इमेज-बॅकअप' फोल्डरमध्ये 'व्हीएचडीएक्स' शेपटाची एक प्रचंड फाइल असते, विंडोज ७ ची असेल तर 'व्हीएचडी'. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ॲक्शन मेनूत 'अटॅच व्हीएचडी', ती फाइल दाखवा आणि 'रीड-ओन्ली'ची खूण न विसरता करा. एक नवा ड्राइव्ह दिसायला लागेल. तो स्कॅन करा. स्वच्छ निघाला तर प्रश्नच मिटला. निघाला नाही तर हव्या त्या कागदपत्रांच्या फाइली कॉपी करून घ्या, इमेज डिटॅच करा आणि पुसून टाका. इमेजच्या आत शिरून व्हायरस काढायचा आणि मग तीच इमेज रिस्टोर करायची, या भानगडीत मी पडत नाही. फाइल गेली तरी तिने रजिस्ट्रीत केलेली ढवळाढवळ तशीच राहते. साफ मशीनची नवी इमेज घ्यायला तासभर लागतो, तो तास द्यावा.

तिसरी तऱ्हा घोस्टची. तंत्रज्ञाने तयार विंडोजची प्रत डीवर ठेवलेली असते, 'काही झालं तर हीच मारायची' म्हणून. ती कोणत्या मशीनवर, काय काय घालून बनवली हे त्याचं त्यालाच ठाऊक. माझा तिच्यावर विश्वास नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर विंडोजची पेन ड्राइव्हवरून टाकायची मूळ प्रत बनवायचं साधन मोफत आहे, ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो.

'विंडोज डॉट ओल्ड' विंडोज सहसा दहा दिवसांनी स्वतःच पुसतं. घाई असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये 'प्रीव्हिअस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर खूण करून काढा. लॅपटॉपवरच्या लपवलेल्या रिकव्हरी भागाला सहसा काही होत नाही. त्याबद्दलच शंका असेल तर 'रीसेट धिस पीसी'मध्ये 'क्लाउड डाउनलोड' घ्या. विंडोज नेटवरून ताजं येतं, ४ जीबीच्या आसपास. मोबाइलच्या नेटवर करू नका, त्या दिवसाचा कोटा एका झटक्यात संपतो.

मॅकवाल्यांनी टाइम मशीनची डिस्क लावून स्कॅन करावी आणि डागाळलेल्या तारखेचा बॅकअप पुसावा. मुंबईतल्या दुकानांत मॅक मला फारसे भेटत नाहीत, म्हणून इतकंच.

सातवी पायरी : पासवर्ड

मशीन साफ झाल्यावरच, आधी नव्हे. मेल, बँक, जीएसटी पोर्टल या क्रमाने पासवर्ड बदला. मेल पहिला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. साफसफाई चालू असतानाच बदलायचे झाले तर ते मोबाइलवरून. विंडोज १० वापरत असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. वाढीव सुरक्षेच्या अपडेटना नाव नोंदवा, नाहीतर मशीन झेपत असेल तर ११ वर जा.

काकूंच्या मशीनला एकूण दीड दिवस गेला, त्यातली रात्र स्कॅनची. 'सॉफ्टवेअर्स' फोल्डर पुसताना त्या शेजारच्या पोरालाही बोलावलं. "अरे, अँटिव्हायरस बंद करून सेटअप चालवायचा नाही," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "दादा, व्हिडिओत तसंच सांगितलं होतं."

आठव्या दिवशी काकूंचा फोन. "परत लाल दिसतंय रे."

"ओरडला का सातला?"

"नाही, ओरडला नाही. मीच ती हिस्टरी उघडून बघितली, तू दाखवलीस तशी."

"नोंदीवरची तारीख वाचा."

तारीख जुनीच होती, साफसफाईच्या आधीची. डिफेंडरच्या प्रोटेक्शन हिस्टरीत जुन्या नोंदी काही दिवस तशाच दिसत राहतात, कधीकधी तर त्यांच्यापुढे 'कारवाई बाकी' असंही लिहिलेलं असतं. साफसफाईनंतरची नवी तारीख दिसली तरच काळजी. ती दिसली तर फाइलच्या पत्त्याचं शेपूट वाचा आणि आधी पेन ड्राइव्ह शोधा.

"पेन ड्राइव्ह?" काकू जरा थांबून म्हणाल्या. "एक तो सीएकडे राहिलाय."

"तो आला की लावू नका. मला द्या."